गाडीखालची शकूअक्का

शकूअक्काचं तोंड दिसायच्या आधी मला तिचे पाय दिसले. आम्ही नागपूरहून बंगळुरात नवीनच आलो होतो. सामानाचा ट्रक गेटपाशी उभा होता आणि मी पोळपाट-लाटण्याची पिशवी घेऊन पार्किंगमधून लिफ्टकडे निघाले होते. तिथं एका जुन्या, उंच, पांढऱ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. टाचा भेगाळलेल्या, सुती साडीचा घट्ट कासोटा, आणि हालचाल काही नाही. मला वाटलं, संपलं, गेली बाई! "बाप्पा रे!" मी ओरडलेच.

"मराठी का?" गाडीखालून आवाज आला. "मग तो सतराचा पाना सरकव. डावीकडचा. तुझ्या डावीकडचा नव्हे ग, माझ्या!"

मी पाना सरकवला. थोड्या वेळानं सत्तरी ओलांडलेली एक लहानखुरी बाई बाहेर आली. नाकावर ग्रीस, केसांत माती, चष्म्याला दोरी. तिनं मला पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ट्रकवाल्याला सांग, कपाट आडवं नेऊ नको, बिजागऱ्या जातात." आणि पुन्हा गाडीखाली गेली. ना नाव, ना गाव, ना 'या चहाला'.

तोंडावर मी तिला 'तुम्ही'च म्हणायची. पण तिच्याबद्दल सांगताना 'त्या म्हणाल्या, त्या गेल्या' करायला लागले तर ती कुणी भलतीच बाई होते, म्हणून इथं ती 'ती'च राहू द्या.

अक्काचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि जिन्यात दोन्हींची भेळ. "सरी, येते मी, स्वल्प काम आहे", म्हणजे बरं, थोडं काम आहे, हे तिचं एक वाक्य. माझ्या बोलण्याची ती भरपूर टिंगल करायची. "तुम्ही नागपूरचे 'करून राहिले, बोलून राहिले, जेवून राहिले'. अय्यो, संपवता कधी?" लग्न केलेलं नव्हतं. शेजारच्या एका बाईनं एकदा तोंड वर करून कारण विचारलं, तर अक्का म्हणाली, "बघितले होते ना. मापात एकही बसला नाही."

हे 'माप' तिच्या नोकरीतून आलेलं. यंत्रं बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात, गिअरच्या तपासणी विभागात तिची सगळी हयात गेली. तिथला नियम साधा. तुकडा मापात नसला की त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा. लाल पट्टा पडला की तो तुकडा भंगारात. मग कुणी कितीही मोठा साहेब येवो.

एकदा दिल्लीहून कुणी बडे पाहुणे येणार होते. साहेबांनी एक मोठं दातेरी चाक चकचकीत पॉलिश करून मखमलीवर मांडलं, त्याला झेंडूचा हार घातला. सकाळी अक्कानं सवयीनं हार बाजूला करून माप लावलं, तर एक दात कमी उंचीचा. तिनं पट्टा ओढला आणि हार होता तसा परत घातला. साहेबांना कळलं तेव्हा त्यांचा जीव अर्धा झाला. म्हणाले, "शकुंतला, हे नुसतं दाखवायला आहे. स्वल्प अडजस्ट माडी!" अक्का म्हणाली, "दाखवायचंच आहे ना? मग पट्ट्यासकट दाखवा. इथं तपासणी होते हेही दिसेल पाहुण्यांना."

'स्वल्प अडजस्ट माडी', म्हणजे जरा सांभाळून घ्या. या शहराचा निम्मा कारभार याच तीन शब्दांवर चालतो. बसमध्ये दोघांच्या सीटवर तिसरा बसताना हेच म्हणतो, नळाला पाणी आलं नाही तरी हेच, रस्ता खणून ठेवला तरी हेच. मला तर ते ऐकायला गोड वाटायचं. अक्काला कुणी ते म्हटलं की तिच्या कपाळाची शीर उडायची. "अडजस्ट दोन माणसांनी करायचं असतं," ती म्हणायची. "हे मेले मलाच सांगतात."

निवृत्त झाली तरी तिचा हात थांबला नव्हता. लाल नेलपॉलिशची एक बाटली तिच्या फळीवर असायची. नखाला तिनं ते कधी लावलं नाही. गळका नळ, वाकडी कडी, वॉचमननं उलटी लावलेली पाटी, सगळ्यांवर तिचा लाल पट्टा. मी एकदा पुरणपोळी नेऊन दिली, तर तिनं ती उजेडात धरून पाहिली. "कडेला पुरण पोचलेलं नाही. रिजेक्ट," असं म्हणून सगळी खाल्ली, वर तुपाची वाटी पुसून घेतली. मला राग आला होता, खरं सांगते. पुढच्या वेळी मात्र मी कडेपर्यंत पुरण पोचवलं.

आता गाडीचं. ती गाडी म्हणजे अक्काची चैन नव्हती, हे आधी सांगायला हवं. तिची धाकटी बहीण मंदा बंगळुराजवळच्या होसकोट्याला मुलाकडे राहायची. मंदाला अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवं अंग गेलेलं, बोलणं जवळजवळ बंद. तिचा पाय गुडघ्यात वाकायचा नाही. भाड्याच्या त्या बुटक्या गाड्यांत तिला बसवताच यायचं नाही, आणि ड्रायव्हर लोक तर लांबूनच मान हलवायचे. अक्काच्या गाडीची पुढची सीट उंच आणि ऐसपैस. मंदाला उभी धरायची आणि अलगद सरकवायची, बस्स. दर गुरुवारी अक्का होसकोट्याला जायची, मंदाला गाडीत घालायची आणि फिरवून आणायची. तळं दाखवायची, भाजीबाजार दाखवायची, कधी नुसतीच मोठ्या रस्त्यावरून न्यायची. बाकीचा सगळा आठवडा मंदा मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून पलंगावर. मुलगा सतीश वाईट नव्हता हो. पण त्याला वाटायचं, आईला आता बाहेर कशाला काय बघायचंय?

आणि नेमकी ती गाडी रडायला लागली. वेग जरा वाढवला की मागून बारीक, लांब, केविलवाणा सूर. अक्कानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मागच्या लोखंडी गोळ्याला टेकवलं, दांडा कानाला लावला आणि मला चाक हातानं फिरवायला लावलं. हा गोळा म्हणजे डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो, आत दातेरी चाकं तेलात बुडालेली असतात, आणि इंजिनाची ताकद तिथून चाकांना वाटली जाते. एवढं मला तिनंच शिकवलं. "तेल मेलंय," ती म्हणाली.

गॅरेजवाला म्हणाला, अक्का, ते तेल बदलायचंच नसतं. म्हणून तर कंपनीनं खाली ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचं बूच, दिलेलंच नाही. आयुष्यभराचं तेल आहे ते.

"कुणाच्या आयुष्यभर?" अक्कानं विचारलं. "गाडीच्या, माझ्या, की कंपनीच्या?"

त्यावर तो नवीन गाडी घ्या म्हणाला. अक्का गाडी घेऊन घरी आली आणि तिनं जाहीर केलं की, बूच मी बसवणार. मी म्हटलं, "अहो अक्का, गोळ्याचं झाकण उघडून एकदा तेल बदला ना, बूच कशाला?" तर म्हणाली, "दर वेळी या वयात उताणी पडून ते सगळे बोल्ट खोलू? आणि मुळात त्यांनी ठरवलं म्हणून ते बंद राहायचं काय? माझी गाडी आहे. मला वाटेल तिथं मी तिला तोंड पाडीन!"

मागची चाकं उतरली, गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच टेकूंवर, चढली. अक्कानं झाकण सैल केलं आणि खाली लावलेल्या पितळी परातीत काळं, सडक्या वासाचं तेल पडलं. तिनं ते चिमटीत घेऊन चोळलं. बोटांवर चांदीसारखी चमक राहिली. "बघ, दात झिजतायत. हे म्हणे आयुष्यभराचं!"

तिथंच सोसायटीला ठसका लागला. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ. पण पार्किंगमध्ये तेलाचा वास, घोड्यांवरची गाडी आणि झाकण घासत बसलेली म्हातारी, हे त्यांच्या नियमात बसेना. व्हॉट्सॲपवर फर्मान आलं. रविवारपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर जाऊन आली पाहिजे, नाहीतर बेवारस समजून क्रेननं उचलली जाईल. सतीशलाही कुणीतरी कळवलं. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. "मावशी, गाडी जात असेल तर जाऊ दे. आता आईचं ते गुरुवारचं फिरणं पुरे. आपण व्हिडिओ कॉल करत जाऊ."

अक्कानं फोन ठेवला. पहिल्यांदाच तिचा चेहरा पडलेला पाहिला मी. "फोनमध्ये तळं दिसतं, वारा लागतो काय ग?" एवढंच म्हणाली. मग उठली आणि खिडक्यांचे गज जोडणाऱ्या माणसाकडून वेल्डिंगचं मशीन भाड्यानं आणायला गेली.

झाकण पातळ पत्र्याचं. त्याला नुसतं भोक पाडून बूच धरणार नाही, म्हणून सगळ्यांत खालच्या जागी भोक पाडून त्यावर जाड नट वेल्डिंगनं बसवायचा आणि त्यात बूच आवळायचं, असा बेत. शनिवारी सकाळी अक्का डोळ्यांवर काळी काच धरून बसली आणि मला पाण्याची बादली देऊन लांब उभं केलं. ठिणग्या उडाल्या, धूर झाला, तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी 'आग' म्हणून ओरडलं. अक्का हलली नाही. नट बसला. देखणा बसला. मी टाळ्या वाजवल्या.

"थांब, तपासणी राहिलीय."

तिनं देवाच्या तसबिरीची काच काढली, कपड्यांची नीळ तेलात कालवून तिच्यावर पुसली आणि झाकण अलगद पालथं घातलं. झाकणाची कड सपाट असेल तर निळा रंग सगळीकडे सारखा लागायला हवा. झाकण उचललं. कडेला निळी रेघ गोल फिरत आलेली, आणि खालच्या बाजूला, जिथं तेल साचणार नेमकं तिथं, ती तुटलेली. आचेनं पत्रा वाकला होता. किती? केसभर असेल नसेल.

अक्कानं त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आवळून धरायला हवं होतं. वाकलेला तुकडा बघून 'आवळून का धरला नाहीस' असं किती जणांना झापलंय मी. आणि स्वतः करताना विसरले." आयुष्यभर दुसऱ्याची चूक शोधणाऱ्या बाईला स्वतः तुकडा बनवायची वेळच आली नव्हती, तेच नडलं.

तोवर सगळे जमले होते. गॅरेजवाला आला होता, म्हणाला, सांध्यात भरायची गॅस्केटची पेस्ट जरा जास्त लावू, काही होत नाही. मीही म्हटलं, लावा ना अक्का, उद्या रविवार आहे! अध्यक्षही खाली आले होते. त्यांनाही भांडण नकोच होतं. ते खरोखर मायेनं म्हणाले, "अक्का, स्वल्प अडजस्ट माडी."

झालं! अक्का उठली, वर गेली, नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि आपल्याच हातच्या त्या देखण्या कामावर तिनं लाल पट्टा ओढला. सरळ, इकडून तिकडे. "होसकोट्याच्या रस्त्यात मंदाला नेताना तेल गळून गाडी बंद पडली तर कोण अडजस्ट करणार? तुम्ही?" असं म्हणून तिनं ते झाकण भंगाराच्या डब्यात टाकलं. मला त्या क्षणी तिचा इतका संताप आला! म्हटलं, जिंकत आलेली बाई स्वतःच्या हातानं हरतेय. काहून इतका हट्ट?

रविवारी क्रेन आली. अक्का आधीच येऊन गाडीत बसली होती, स्टिअरिंगमागे, मांडीवर सूप, सुपात अवरेकाळूच्या, म्हणजे वालासारख्या, शेंगा. गाडी घोड्यांवर, मागची चाकं भिंतीला टेकवलेली, आणि ही शांतपणे शेंगा सोलतेय. क्रेनवाल्यानं काचेवर टकटक केली.

"बेवारस गाडी उचलायला आलास ना?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. "मग बघ, वारस बसलाय."

क्रेनवाला मागं फिरला आणि अध्यक्षांना म्हणाला, "अज्जी ओळगिद्दारे. नानु एत्तल्ला." आजी आत बसल्यात, मी उचलत नाही. अध्यक्ष लालबुंद झाले. मग मीच मधे पडले, काय करणार! म्हटलं, साहेब, क्रेन परत बोलवायची तर बोलवा, पण ही बाई तेव्हाही इथंच असेल आणि शेंगा संपल्या तर लसूण सोलेल. तुम्हाला चालेल काय? त्यांनी गुरुवार सकाळपर्यंतची मुदत दिली आणि पायऱ्या आपटत वर गेले.

बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून अक्कानं तसंच दुसरं झाकण शोधून आणलं. आता ते आवळायला जाड, सपाट लोखंड हवं होतं. तिच्या स्वयंपाकघरात दोसेकल्लू होतं, डोसे करायचा बिडाचा जड तवा, तिच्या आईच्या वापरातला. त्यावरचे डोसे मी खाल्लेत, तसे पुन्हा कुठं मिळाले नाहीत. अक्कानं तो तवा खाली आणला, झाकणाच्या भोकांसमोर त्याला ड्रिलनं भोकं पाडायला लागली. मी तिचा हात धरला. "अहो, आईचा तवा!"

"आईला दोन मुली होत्या," अक्का म्हणाली. "तवा एकच होता. मंदाचा वाटा राहिलाय. सोड हात."

झाकण तव्यावर बोल्टांनी घट्ट बसलं. या वेळी तिनं घाई केली नाही. एक टाका इकडे घालायचा, गार होऊ द्यायचा, मग समोरच्या बाजूला दुसरा. सगळं झाल्यावर रात्रभर ते तसंच तव्याला आवळून ठेवलं. सकाळी बूच आवळून झाकणात रॉकेल ओतलं. खाली अंथरलेला कागद कोरडा राहिला. मग काच आली, नीळ आली. झाकण उचललं तेव्हा निळी रेघ सगळीकडून पूर्ण होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हटलं आता तरी हसेल. "आयतू," ती म्हणाली. झालं. आणि कॉफी करायला वर गेली. कप मात्र तिनं दोन मांडले आणि माझ्यात साखर घालायची विसरली. मी ती तशीच प्यायले.

अक्का आता नाही. मी नागपूरला भाचीच्या लग्नात होते तेव्हा झोपेतच गेली. मला तिला शेवटचं बघायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय की माझी शेवटची अक्का म्हणजे त्या गुरुवारची.

त्या सकाळी नवं तेल भरलं, चाकं चढली, आणि गाडी गेटमधून बाहेर पडली. मी मागच्या सीटवर बसले होते. अध्यक्ष बाल्कनीत उभे होते. अक्कानं वर बघितलंही नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिनं वेग वाढवला आणि रेडिओ बंद केला. आम्ही दोघी कान देऊन बसलो. मागून काही आवाज नाही, नुसता रस्ता. तिचे खांदे जरा खाली आले तेवढे मला दिसले.

होसकोट्याला सतीश फाटकातच उभा होता. मंदा तयार होऊन खुर्चीत बसलेली. गुरुवार आहे हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी उतरले, सतीशनं आणि मी मिळून तिला उभं केलं आणि सीटवर सरकवलं. सतीश उघड्या दारावर हात ठेवून वाकला. आवाज समजूतदार. "मावशी, आज आलीस ते ठीक. पण मी आईचाही विचार करायला हवा ना? हे वय आहे का तुझं? पुढच्या आठवड्यापासून आपण असं करू…"

मंदाचा डावा हात हलला. एरवी तिच्या बाजूचं दार दुसरंच कुणी लावायचं. त्या दिवशी तिनं हात लांब केला, दाराची मूठ पकडली आणि सगळा जोर लावून ओढली. सतीशनं हात काढून घेतला म्हणून बरं. दार धाडकन बंद झालं.

अक्कानं बहिणीकडे एकदा पाहिलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली. मी अजून रस्त्यावरच! "अक्का! अहो, मी राहिले!" माझी पर्स, मोबाइल, पाण्याची बाटली, सगळं मागच्या सीटवर. गाडी थांबली नाही. मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी दिसत होती, एक सरळ, एक जरा कललेलं. कोपऱ्यावर डावीकडे वळली असती तर तळं. गाडी उजवीकडे वळली, मोठ्या रस्त्याकडे.

सतीश अजून तिकडेच बघत होता. "कधी येतील परत?" त्यानं मला विचारलं.

"त्यांना वाटेल तेव्हा," मी म्हटलं आणि त्याच्या पायरीवर बसले.